चौसष्ट नंबरची पट्टी

वस्ताद, पत्र लिहायला फार उशीर झाला, माफ करा. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, आणि ज्या माणसाला जिवंतपणी कधी चार ओळी पाठवल्या नाहीत त्याला आता लिहितोय हे मलाही बरं वाटत नाही. पण विचारायचं कुणाला? मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही फार विचार करता, टेन्शन घेऊ नका." सून म्हणते बीपीची गोळी घेतली का. नात म्हणते, "आजोबा, इट्स नॉट युअर फॉल्ट." काय झालं ते कुणी पूर्ण ऐकून घेत नाही. खरं म्हणजे पूर्ण मीच सांगितलेलं नाही. आज रविवार आहे, दुपार आहे, घरातले सगळे आयसेलिनला सामान आणायला गेलेत. मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसलोय. उद्या सकाळी दहाच्या आत मला एक गोष्ट ठरवायची आहे, म्हणून लिहितोय.

आधी सांगतो मी कुठे आहे. मिल बंद पडली, बायको गेली, मग मुलाने इकडे अमेरिकेत बोलावून घेतलं. पार्सिपनी म्हणून गाव आहे. पहिलं वर्ष खिडकीत बसून काढलं. मग शेजारच्या गुजराती काकांनी एक काम आणलं. इथला एक फुटबॉलचा संघ आहे, पैसे घेऊन खेळणाऱ्यांचा, त्यांच्या सरावाच्या जागी कपडे धुवायला माणूस हवा होता. हा फुटबॉल पायाने खेळायचा नाही. चेंडू लांबट, हातात धरून पळायचं, आणि समोरच्या सात-आठ जणांनी अंगावर पडून आडवं करायचं. तुम्ही पाहिलं असतं तर म्हणाला असतात, हा आपला हुतूतूच, फक्त दम घुमवत नाहीत. मुलगा आधी नको म्हणाला, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, तुझं शिक्षण मिलच्या धुलाईखात्यावर झालंय, लोकांना सांग. तेव्हापासून रोज सकाळी तिथला एक ड्रायव्हर मला घेऊन जातो.

कामाची पद्धत चांगली आहे. प्रत्येक खेळाडूला जाळीची एक पिशवी, पिशवीला नंबर. मळलेले कपडे पिशवीतच टाकायचे, पिशवीसकट मशीनमध्ये, पिशवीसकट वाळवायचे, आणि ज्याच्या त्याच्या कप्प्यापाशी खुंटीला अडकवायचे. कप्पा म्हणजे उघडं कपाट, वर नावाची आणि नंबरची पट्टी. म्हणजे कोण आहे आणि कोण नाही हे वरच्या साहेबलोकांच्या खालोखाल आम्हा धुलाईवाल्यांना आधी कळतं. खेळाचा मोसम संपला की काढघाल सुरू होते. एप्रिलमध्ये कॉलेजातली नवी पोरं निवडतात, आणि जेवढी नवी येतात तेवढे जुने कुठून तरी काढावेच लागतात. उन्हाळ्याच्या सरावाला ऐंशी, मोसमाला त्रेपन्न. वसंत ऋतूत बाहेर झाडं फुललेली असतात आणि आमच्याकडे जो तो वर बघत चालतो, पट्टी आहे का.

गेल्या मोसमात आम्ही हरलो जास्त. आम्ही म्हणतोय, हसू नका. सामानाचा प्रमुख म्हणजे माझा साहेब आणि तो ड्रायव्हर दिवसभर भांडायचे. ड्रायव्हर म्हणायचा, "यंदा पुढची फळी कोवळी आहे, मार खाणार." साहेब म्हणायचा, "कोवळी नाही, स्वस्त आहे." ड्रायव्हर म्हणायचा, "मग म्हाताऱ्याला घे फळीत, तो तर फुकट उभा राहील." म्हातारा म्हणजे मी.

त्या पुढच्या फळीत चौसष्ट नंबर होता. एकतीस वर्षांचा, दारातून आत येताना जरा तिरका व्हायचा एवढा रुंद. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. तो गुडघ्याच्या व्यायामाला रोज लवकर यायचा आणि मशीनपाशी स्टूल घेऊन बसायचा. आजीने कपड्यांना इस्त्री करून त्याला वाढवलं होतं, म्हणून त्याला वाफेचा वास आवडायचा म्हणे. मला पॉप्स म्हणायचा. म्हणजे बाबा. माझं निम्मं इंग्रजी त्यानेच शिकवलंय. मी खुणा करून, अडखळत सांगायचो आणि तो थांबून ऐकायचा, घाई करायचा नाही. मी हुतूतू खेळायचो आणि गुडघ्यापायी खेळ सुटला, हे त्यालाच तेवढं सांगितलंय. "किती वजन होतं तुझं तेव्हा?" मी सांगितलं. तो म्हणाला, "पॉप्स, तेवढा तर माझा एक पाय आहे." मी म्हटलं, पाय तर धरायचा असतो आमच्यात. पोट धरून हसला. मग गुडघ्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "तुझा गुडघा गेला तेव्हा तुला कुणी सांगितलं?"

त्याला मी तुमचं सांगितलं, वस्ताद. तुम्हाला आठवतं का कोण जाणे. मिलची टीम कोल्हापूरला जायची होती, मी डावा कोपरा, आणि आठवड्यापूर्वी सरावात गुडघा फिरला होता. मी लपवत होतो. लंगडत नव्हतो, चालतच नव्हतो फारसा. टीममध्ये असलो तर कापडखात्यात सांच्यावर नोकरी, नाहीतर काय ते माहीत नाही. तुम्ही घरी बोलावलंत. स्वयंपाकघरात पाट मांडलेला, वहिनी भाकरी थापतायत, शेंगाच्या चटणीचा वास. मी बसतो आणि ताटाकडे हात नेतो तर तुम्ही ताट मागे ओढता. "आधी ऐक, मग जेव. यादीत तू नाहीस." मी खाली बघतोय. तुम्ही म्हणता, "जेवल्यावर सांगितलं असतं तर पुन्हा कुणाच्या घरी निश्चिंत जेवला नसतास. उद्यापासून धुलाईखात्यात जा, मी बोललोय. आता खा." मी रडत रडत तीन भाकऱ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी टीम निघाली. मी तुमच्याच दारात, रिकामा. हाताला काहीतरी काम हवं म्हणून कोपऱ्यातला केरसुणीचा मुठा उचलला, तशा वहिनी अंगावर धावून आल्या. "माणूस आत्ता उंबऱ्याबाहेर पडलाय आणि केर काढतोस? मेलाय का तो? ठेव खाली!" तेव्हापासून आजतागायत कुणी घरातून निघालं की मी केर काढत नाही, त्याचं अंथरूण उचलत नाही, कप विसळत नाही. सून चिडते. मुलगा कामासाठी विमानाने गेला की त्याची खोली दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच.

आता मे महिन्यातला तो मंगळवार. सकाळी साहेबाने मला कागद दिला. त्यावर तीन नंबर. "यांना वर बोलावून सांगतील. बारापर्यंत तिन्ही कप्पे रिकामे कर, पट्ट्या काढ, पुसून घे. एक वाजता नवीन पोरं येतायत." तिसरा नंबर चौसष्ट होता. मी चष्मा काढून पुसला आणि परत वाचला. तेवढ्यात तोच आला, शीळ घालत. त्याची बायको सात महिन्यांची गरोदर होती. डॉक्टरकडे तिला दाखवायचं आणि परत यायचं, असं त्याचं ठरलं होतं. ती तिथून पुढे घराच्या कागदांवर सही करायला जाणार होती. जवळच्याच गावात त्यांनी घर बघितलं होतं, मागे अंगण असलेलं. तो सही करायला धजत नव्हता, संघात राहिलो नाही तर घर गळ्यात पडेल म्हणून. मला म्हणाला, "आज ती विचारते हो की नाही. दुपारी इथे येऊन पट्टी बघणार आणि तिला फोन करणार. पट्टी आहे तोवर मी आहे, बरोबर ना, पॉप्स?" कागद माझ्या हातात होता, मी तो घडी घालून खिशात टाकला. तो "बॅक सून" म्हणाला आणि गेला.

वरून त्याला फोन केले, लागले नाहीत. दवाखान्यात बंद ठेवला असेल. बाकीचे दोघे वर गेले, खाली आले, पिशव्या भरून निघून गेले. त्यांचे कप्पे रिकामे करतानाही माझा हात चालत नव्हता, पण साहेब समोर उभा होता. मग साहेबाला वर बोलावलं. जाताना म्हणाला, "चौसष्टचा पण आटप, तो आला की वर पाठव." मी कपडा घेऊन त्या कप्प्यापाशी उभा राहिलो. आत त्याचे बूट, गुडघ्याला बांधायच्या पट्ट्या, बायकोच्या पोटातल्या बाळाचा काळापांढरा फोटो. मनात आलं, आत्ताच गेलाय, येतो म्हणून गेलाय, आणि त्याच्या मागे मी त्याची जागा पुसू? मला वहिनी दिसल्या. मी कपडा खाली ठेवला. म्हटलं, आधी येऊ दे, वर जाऊ दे, मग काढू. एवढंच केलं मी. काही केलं नाही, एवढंच.

साडेबाराला तो आला. आधी ते दोन रिकामे कप्पे बघितले, मग आपली पट्टी. वस्ताद, तो माणूस ओरडला नाही, हसला नाही, नुसता भिंतीला टेकला आणि त्याने श्वास सोडला. मग मला कपड्याच्या टोपलीसकट उचललं. "आय एम स्टिल हिअर, पॉप्स!" मी त्याच्या खांद्यावर लोंबकळतोय आणि माझ्या खिशात तो कागद. त्याने मला खाली ठेवलं, फोनचं झाकण उघडलं. तेव्हा मी त्याच्या दंडाला हात लावला. खरंच लावला. त्याने दुसरा हात माझ्या हातावर ठेवला, त्याला वाटलं मी आनंदाने धरलंय. आणि फोनवर म्हणाला, "साइन इट, बेबी."

दहा मिनिटांनी वरचा एक तरुण साहेब आला. म्हणाला, "कोच बोलावतायत. डावांची वही बरोबर घेऊन या." वही मागितली की माणसाला काढलं, हे तिथे शेंबड्या पोरालाही कळतं. तो बघतच राहिला. पट्टीकडे बघतो, त्या साहेबाकडे बघतो, मग माझ्याकडे. हळू आवाजात, रागाने नाही, विचारलं, "यू न्यू, पॉप्स?" म्हणजे, तुला माहीत होतं? आणि मी काय म्हटलं माहीत आहे? मी हात जोडले आणि म्हटलं, "नो इंग्लिश, सर." दोन वर्षं ज्याच्याशी रोज बोललो त्याला म्हटलं. सर म्हटलं. त्याने वही घेतली आणि वर गेला, तिकडूनच गेला. बूटसुद्धा न्यायला आला नाही.

साहेब मला ओरडला, पण कप्पा नव्या पोराला उशिरा मिळाला म्हणून. घराचं पुढे काय झालं कळलं नाही. ड्रायव्हर म्हणतो, सही झाली होती, आता ती दोघं तिच्या आईकडे दक्षिणेत आहेत आणि घर विकायला लावलंय. मी रोज पेपरातली बारीक अक्षरं भिंग लावून बघतो, कोणत्या संघाने कुणाला घेतलं, कुणाला काढलं. नात वाचून दाखवते. "आजोबा, नो सिक्स्टी-फोर टुडे." ऑगस्ट आलाय. इकडे पुढची फळी कोवळीच आहे, रोज मार खाते, आणि साहेब म्हणतो, चौसष्टला काढायला नको होतं. आता म्हणतो.

परवा साहेबाने त्या बुटांचं खोकं काढलं. पत्ता मिळाला आहे. उद्या सकाळी दहाला कुरियर येणार. मला म्हणाला, "त्याचं आणखी काही राहिलं असेल तर घाल आणि बंद कर." राहिलेलं माझ्याकडे आहे. ती पट्टी. मी ती त्या दिवशी काढली आणि टाकली नाही, इथे डब्याच्या कपाटात गव्हाच्या पिठामागे ठेवली आहे. आणि एक चिठ्ठी लिहिली आहे. नातीकडून लिहून घेतली नाही, माझ्या हाताने, इंग्रजीत. मला माहीत होतं, एवढंच आहे तिच्यात. स्पेलिंग चुकलं असेल. घालू का नको? वाचून त्याला बरं वाटेल की पुन्हा तेच दुखेल? तुम्ही ताट मागे ओढलंत तेव्हा तुमचा हात थरथरत होता का? ते मला कधी विचारता आलं नाही. मी तर खालीच बघत होतो.

घरात सगळ्यांना सांगितलंय की आपल्यात कुणाच्या मागे केर काढत नाहीत म्हणून असं झालं. मुलाला ते पटलं, "कल्चरल मिसअंडरस्टँडिंग" म्हणाला. मीही तीन महिने तेच म्हणतोय. पण वहिनींच्या माथी मारणं बरं नाही. केर तर मी काढला नाहीच, पण सकाळी तो शीळ घालत आला तेव्हा स्टूल पुढे ओढून बस म्हणता आलं असतं, आधी ऐक म्हणता आलं असतं. मी घाबरलो. त्याचं तोंड उतरलेलं मला बघायचं नव्हतं, ते दुसऱ्या कुणी तरी बघावं असं वाटलं. तुम्हाला लिहायचं होतं ते एवढंच होतं, बाकी उगाच लांबलं.

गाडीचा आवाज आला, घरचे आले वाटतं. हा कागदसुद्धा पिठामागेच ठेवतो. वस्ताद, दहाच्या आत काहीतरी कळवा. स्वप्नात या, नाहीतर वहिनींना पाठवा, त्या ओरडल्या तरी चालेल. पण लवकर कळवा.