सहा महिन्यांचा नियम

६ ऑक्टोबर
सर्व्हरची डिस्क भरत आली. नवी मागितली तर साहेब म्हणाले, "आहे त्यातच भागवा." भागवते! जे प्रोग्राम क्वचित लागतात ते दाबून लहान करायचे. पुसायचे नाहीत. कोणी उघडला की आपोआप पूर्ववत होतो, पहिल्यांदा जरा वेळ खातो, इतकंच. किती काळ न वापरलेले दाबायचे, ते मी ठरवायचं.

७ ऑक्टोबर
वहिनी इथेच, आमच्याच ऑफिसात प्रोग्राम लिहिते. एक वर्ष म्हटलं तर तिचा एकही सापडत नाही. तिचे सगळे वर्षअखेरीचे — डिसेंबरात चालतात, मग पुढच्या डिसेंबरापर्यंत कोणी विचारत नाही. सहा महिने म्हटलं तर झाडून सगळे.
सहा महिने.

९ ऑक्टोबर
दादा गेला तरी आई वहिनीकडेच राहिली. पोटची लेक दोन बसथांबे पलीकडे असताना! आमच्या इमारतीतल्या बायका विचारतात, "आई सुनेकडे कशा?" मी नुसते दात दाखवते. आई मला माझ्या घरी हवी आहे. वहिनीचा पगार चालू आहे तोवर आई तिथून हलायची नाही. पगार थांबला की भाडं थांबेल, आणि मग लेकीचं दार आहेच.

१४ ऑक्टोबर
वहिनी टेबलापाशी आली. "वन्सं, माझा प्रोग्राम उघडायला एवढा वेळ का घेतोय? सहज चाचणी घेत होते."
"नियम सगळ्यांना सारखा, वहिनी."
"पण माझं काम वर्षातून एकदाच असतं. तुम्हाला ठाऊक आहे."
"मला आहे. मशीनला कुठे?"
तोंड एवढंसं झालं तिचं. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. तिने उघडलेला प्रोग्राम संध्याकाळी पुन्हा दाबून टाकला.

२० ऑक्टोबर
साहेबांना अहवाल दिला. किती जागा वाचली, आणि कोणाचे किती प्रोग्राम पडून होते. हे दुसरं कोणी मागितलं नव्हतं. वहिनीचे शंभर टक्के. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "मग या बाई करतात काय?"
'वर्षअखेर' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. गिळला.

२ नोव्हेंबर
आईकडे गेले. वहिनी तिच्या टाचांना तेल चोळत बसली होती. आई म्हणाली, "वाट चुकलीस का गं?"
माझ्याकडे चल म्हटलं, तुझ्यासाठी खोली रंगवून घेतली आहे. "बघू," म्हणाली. वहिनीने जिन्यात गाठलं. "साहेब माझ्याबद्दल काही बोलले का हो?"
छे, काहीच नाही.

१५ नोव्हेंबर
वहिनीला काढलं. मी फाटकापर्यंत पोचवायला गेले, चार लोकांनी बघावं म्हणून. तिथे मलाच म्हणते, "डिसेंबरात काही अडलं तर फोन करा, वन्सं." भोळी की मूर्ख, देव जाणे. मला दोन्हीचा राग येतो.

१७ नोव्हेंबर
आईचा फोन. "तू तिथेच बसतेस ना? तुला काहीच माहीत नव्हतं?"
नव्हतं, म्हटलं. आईने मग फोन ठेवला.

३० डिसेंबर
वर्षअखेरीचं काम पार पडलं. वहिनीचे प्रोग्राम एकेक उघडले. सुरुवातीला रेंगाळले, मग लोण्यासारखे चालले. एक चूक निघाली नाही. साहेब खूश. "तुम्ही लिहिलेत का हे?"
हो म्हटलं. जीभ जरासुद्धा अडखळली नाही. आता आईला आणते. वहिनी भाडं तरी कुठून भरणार?

२ जानेवारी
टॅक्सी घेऊन गेले. दाराला कुलूप. समोरची नवी भाडेकरीण बाहेर आली. "दोघी गेल्या हो, सुनेच्या माहेरी. आजी बजावून गेल्या आहेत, लेक आली तर पत्ता देऊ नका म्हणून. तुम्ही कोण त्यांच्या?"
"ऑफिसातली," म्हटलं.