ढेकूण असल्याचा दाखला

प्रति,
मा. कीटक-नियंत्रण अधिकारी,
लिंबडी विभाग कार्यालय, जुने शहर.

विषय : घरात ढेकूण नसल्याचा दाखला रद्द करून ढेकूण असल्याचा दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : आपले निरीक्षक श्री. वाघेला यांची गेल्या महिन्यातील तपासणी.

महोदय,

१. अर्जदार तांब्या-पितळेची भांडी घडवतो. कन्या जिग्ना हिचे लग्न नडियादच्या घरी ठरत आले होते. मुलाच्या मातोश्री विमळाबेन यांना रिवाजाप्रमाणे मानाने झोपाळ्यावर बसवले. चहा संपण्याआधीच त्या उठल्या. "मुलगी गोड आहे, धनसुखभाई, पण तुमचा झोपाळा चावतो! घर साफ झालं की कळवा," असे म्हणून त्या गेल्या.

२. त्यावरून केलेल्या अर्जानुसार श्री. वाघेला आले. आल्या माणसाला झोपाळा देणे भाग, म्हणून तेही तेथेच बसले व बसूनच त्यांनी पलंगावरच्या गाद्या उलटवून घेतल्या. झोपाळ्याच्या फळीचे सांधे, कड्यांची भोके, देवांच्या तसबिरींची मागची बाजू, भिंतीवरचे घड्याळ, ही ढेकणांची राहती ठिकाणे अर्जदाराने अदबीने दाखवली. "काका, छापील अर्जात पलंग लिहिलाय. झोपाळ्याचं मला काही सांगू नका," असे म्हणत, मांडी खाजवत, त्यांनी 'ढेकूण आढळले नाहीत' असा शेरा मारला.

३. गोल शिक्का पाहून अर्जदाराचाही स्वतःच्या अंगावरील चट्ट्यांवर विश्वास उरला नाही. त्याने दाखला नडियादला धाडला. विमळाबेन पुन्हा आल्या, पुन्हा झोपाळ्यावर बसल्या आणि पुन्हा उठल्या. या खेपेस म्हणाल्या, "ढेकूण कुणाकडे नसतात हो? पण खोटा कागद दाखवणारा व्याही आम्हाला नको." जिग्ना तेव्हापासून धड जेवत नाही. अर्जदाराने जन्मात कधी मुलामा देऊन भांडे खपवले नाही. त्याला खोटारडा म्हटले गेले, हे फार जिव्हारी लागले आहे.

४. सबब, अर्जदाराच्या घरी ढेकूण आहेत, भरपूर आहेत व पूर्वीपासून आहेत, असा दाखला शिक्क्यासह त्वरित मिळावा. तो घेऊन अर्जदार स्वतः नडियादला जाईल.

५. खात्री करण्यासाठी आपण आमच्या गल्लीत, म्हणजे पोळात, येण्याची तसदी घेऊ नये. तपासणीच्या वेळी श्री. वाघेला यांनी अर्जदाराची फाइल झोपाळ्यावरच ठेवली होती. ती सध्या आपल्या टेबलावर असल्याचे समजते.

आपल्या शिक्क्यावर अजूनही भिस्त असलेला,
आपला नम्र,
धनसुखलाल मगनलाल कंसारा
कडवा लिंबडा पोळ
दि. ४ जून १९८४

सोबत : १) रद्द करावयाचा दाखला.
२) नमुन्याची बाटली. कृपया बूच काढू नये.