मातीचे अंगण, सिमेंटची लादी

मी, ओक बुन-रे, वय बहात्तर, राहणार सोदल, जिल्हा उल्जिन, पे मान-सोक यांची पत्नी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कुणी धाक घातलेला नाही. गळ घातली ती फक्त अंगणाबाबत, आणि ते पुढे येईलच. 'विधवा' हा शब्द मी आजवर कुठल्याही कागदावर लिहिलेला नाही. इथेही लिहीत नाही.

पहिले. मच्छीमार सोसायटीतली माझी ठेव मुलगी सुन-इम हिला द्यावी. माकुल मासळी साफ करण्यासाठी मी तिची शाळा सोडवली. भावाने यात वाटा मागू नये.

दुसरे. माकुल वाळवायच्या काठ्या, सुऱ्या आणि मागच्या ओट्यावरचे सोयाबीनच्या मसाल्याचे रांजण सून हे-रान हिला. तिच्या हाताला माझ्यापेक्षा चव आहे. हे मी तिला तोंडावर कधी म्हटले नाही.

तिसरे. घर आणि अंगण मुलगा टेक-ग्यू याला. घर बिनशर्त. अंगणाला अटी आहेत.

टेक-ग्यू पोटात होता त्या हिवाळ्यात मान-सोक माकुलाच्या बोटीवर गेले. बोट आली नाही, फळी आली नाही, माणूस आला नाही. पोलीस येऊन विचारत, "सरहद्द ओलांडून उत्तरेकडे गेला का?" सासूबाई विचारत, "समुद्राच्या तळाला गेला का?" मला दोन्ही ठाऊक नव्हते. बुडालेल्यासाठी तांदळाची वाटी पांढऱ्या कापडाला बांधून समुद्रात सोडतात आणि त्याचा जीव वर बोलावतात. तो विधी मी करू दिला नाही. वाटी सोडली की माणूस मेला.

सासूबाई एवढेच म्हणाल्या, "जिवंत असला तर दार वाजवील. नसला तर पाय उमटतील. माती तेवढी मोकळी ठेव, पोरी."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी फाटकापासून मागे मागे सरत झाडत येते. आपली पावले आपणच पुसत पायरीपर्यंत पोचायचे, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून माती बघायची. मांजर, समुद्रपक्षी, एकदा हरीण. बाकी कधी काही नाही.

सरकारने गावोगाव सिमेंटची पोती वाटली तेव्हा पांग दाल-हो गावप्रमुख होता. भर चावडीवर म्हणाला, "बुन-रे, सगळ्यांची अंगणं आरशासारखी झाली, धूळ उडते ती तुझ्याच दारातून. मेलेल्यासाठी कुणी जागा अडवून ठेवतं का?" माझ्या वाटचे सिमेंट मी डुकरांच्या खोपटाला वापरले. सिमेंटबद्दल त्याला माफ केले आहे. त्या वाक्याबद्दल नाही.

गेल्या शरदात मी चिखलात घसरले, आणि घरात पुन्हा तोच विषय निघाला.

"आई, आता बास," टेक-ग्यू म्हणाला. "सिमेंट ओतून टाकतो."

"सिमेंटला भेगा पडतात, उन्हात तापतं ते वेगळंच," हे-रान म्हणाली. "ग्रॅनाइटच्या फरश्या घालू. फटींतून पाणी जिरेल, मातीही दिसेल आईंना."

सुन-इमने देगूहून फोनवर सांगितले, "लाल विटा घाला. पाय घसरत नाही."

"तू राहतेस बाराव्या मजल्यावर, ताई. तुझं अंगण म्हणजे लिफ्ट!" टेक-ग्यू म्हणाला.

गवंडी मो योंग-चुन चहा पीत ऐकत होता. म्हणाला, "भांडू नका. पुढच्या ओट्याला लागून तिन्हींचा एकेक नमुना टाकतो. काकू चालून बघतील. पाय ठरवील."

त्याने एक फरशी बसवली, चार विटा बसवल्या आणि लाकडी चौकटीत हातभर सिमेंट ओतले. संध्याकाळी मी नेहमीसारखे झाडले, नमुन्यांच्या कडेकडेने.

सकाळी सिमेंटमध्ये एक पाऊल होते. डावे, अनवाणी. टाच समुद्राकडे, बोटे घराकडे. भोवती मातीवर झाडूच्या रेघा जशाच्या तशा. अंगठ्यापेक्षा शेजारचे बोट लांब. मान-सोक यांचे तसे होते. टेक-ग्यूचेही आहे. ओट्याचा खांब धरून कुणी पाय मागे टाकला तर तो तिथवर पोचतो, हे मलाही दिसते.

योंग-चुन आला आणि ओरडला, "ओल्या सिमेंटवर कोण नाचलं हो?"

हे-रानने नवऱ्याकडे पाहिले. नवरा समुद्राकडे पाहत होता. "मांजर असेल," तो म्हणाला.

"एवढ्या पंजाचं मांजर? मग माकुल कशाला धरता, तेच पाठवा बोटीवर." योंग-चुन हसला, मग माझ्याकडे पाहून थांबला. "काकू, बुजवून टाकू?"

"राहू दे," मी म्हटले.

त्या सकाळी मी भाताची एक वाटी जास्त मांडली. टेक-ग्यूने जेवताना ती वाटी आपल्या डाव्या हाताला, वडिलांच्या जागी सरकवली.

तेव्हा अंगणाच्या अटी अशा. मी आहे तोवर माती राहील आणि मी झाडीन. माझे प्रेत मातीवरूनच बाहेर न्यावे. त्यानंतर हे-रानच्या पसंतीने ग्रॅनाइट बसवावा, फटी मोकळ्या ठेवून. पावलाची लादी पायरीसमोर बसवावी, बोटे घराकडेच. ती फिरवू नये.

मान-सोक यांचा श्राद्धाचा दिवस आजवर नव्हता. माझा मृत्युदिन तोच त्यांचा धरावा, दोन वाट्या शेजारी मांडाव्यात. समुद्रात वाटी सोडू नये. घरी आलेल्याला पुन्हा काय बोलवायचे?

साक्षीला मी मुद्दाम दाल-होला बोलावले. त्याच्याबद्दलचे वाचून दाखवले. "खरं आहे ते. राहू दे," म्हणाला. तो फाटकातून आला तो काठी टेकत कडेकडेने, झाडलेल्या मातीवर पाय न देता. वरचा माफीपुढचा 'नाही' त्याच्याच सांगण्यावरून खोडलेला नाही, पण तो असा चालत आला म्हणून यापुढे तो कुणी मनात धरूही नये.

शेवटचे. त्या ठशात कुणीही पाय ठेवून पाहू नये. टेक-ग्यूने तर मुळीच नाही. त्याला मला काही सांगायचे असेल, तर ते त्याने सांगू नये, माझ्यामागेही नाही. मान-सोक यांचा पांढरा रबरी जोडा माझ्या पेटीत आहे. मीही तो ठशाला लावून पाहिलेला नाही. तो माझ्याबरोबर पुरून टाकावा.

सही व शिक्का: ओक बुन-रे

साक्षीदार:
मो योंग-चुन, गवंडी, सोदल
पांग दाल-हो, माजी गावप्रमुख, सोदल

सोदल, ११ नोव्हेंबर २०१८