गाळलेलं पान

प्रिय ठमाबाई,

तिशी ओलांडलेल्या बाईला या नावानं हाक मारू नये, हे कळतं मला. पण गेल्या चौदा महिन्यांत तुला कुठल्याच नावानं हाक मारलेली नाही, तेव्हा एवढं चालवून घे.

दुकान ठीक चाललंय. चष्म्याच्या काचा अजून मीच घासतो. गिऱ्हाइकं मात्र कुरकुरतात, कारण काउंटरजवळची खुर्ची मी कुणाला देत नाही. कारण ऐकून तू हसशील. मनातलं ध्येय प्रत्यक्षात कसं आणायचं, ते शिकवायची तुझी वही जाताना इथंच राहिली. मी ती चोरून वाचली, आणि दुकान उघडलं की रोज तू सांगतेस तसं करू लागलो. इच्छा आधीच पुरी झाल्यासारखी लिहायची. 'माझी लेक दुकानात आली आहे. खुर्चीत बसून माझ्या चुका काढते आहे.' मग डोळे मिटून बारीकसारीक बघायचं. तू चष्मा डोक्यावर सरकवतेस, फ्रेमचे खोके उगाच इकडचे तिकडे करतेस. इतकं बरं वाटायचं की डोळे उघडूच नयेत. आणि जिथं तू बसली आहेस, तिथं दुसऱ्याला कसं बसवणार?

सात महिने हे चाललं. तुला फोन करायचं तेवढं राहून गेलं. परवा वहीत मागं गेलो, तर त्याचंही कारण तू लिहून ठेवलेलं. नुसतं सुख रंगवत बसलं तर मनाला ते मिळाल्यासारखंच वाटतं आणि हातपाय ढिले पडतात, असं प्रयोगांत दिसलंय म्हणे. म्हणून इच्छा लिहून आणि डोळ्यांसमोर आणून झाली की तुझा तिसरा प्रश्न, माझ्या आत काय आडवं येतंय? ते पान मी गाळलं होतं. जन्मभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावली, आणि स्वतः मोठी तेवढी वाचली.

त्या प्रश्नाखाली तू स्वतःचंच उदाहरण दिलंयस. बारा वर्षांची असताना तू रोज लिहायचीस, 'आई घरी आली आहे.' हॉस्पिटलात तिच्या खोलीपर्यंत यायचीस, पण आत पाऊल टाकायची नाहीस. आडवी आली ती भीती, असं लिहिलंयस. मला तेव्हा वाटायचं, पोरीला काही वाटतच नाही. तुझ्या आईला मी सांगायचो, तिची परीक्षा आहे.

आणि तुझ्या पहिल्याच वर्गात, चाळीस माणसांसमोर उभं राहून मी विचारलं, मनात आणून सगळं होत असतं तर हिची आई का गेली? कुणीतरी हसलं, म्हणून मीही हसलो. तू फळा पुसलास आणि पुढचा मुद्दा घेतलास. संध्याकाळी सामान घेऊन निघून गेलीस. मी थांब म्हणालो नाही.

मला तू हवी आहेस गं, दुसरं काही नको. काल तिसऱ्या प्रश्नाखाली मी लिहिलं, 'माफी मागायची लाज वाटते.' त्याखाली तुझ्या पद्धतीनं उपाय लिहावा लागतो, म्हणून लिहिलं, 'लाज वाटली, तर पत्र लिहीन.' तेच हे पत्र. माझं चुकलं, बाळा. त्या वर्गात तर चुकलंच, पण त्याच्याही खूप आधी. आईच्या खोलीबाहेर तू एकटी उभी होतीस, आणि मी तुझा हात धरायला बाहेर आलो नाही.

तुझाच, फार उशिरा शिकणारा,
बाबा