कामोठ्याचा नंबर

१ फेब्रुवारी २०१६, सोमवार

मूर्खांचा बाजार नुसता! सुनीता मॅडमना आज पुन्हा समजावलं, की डेटाबेसचं व्हर्जन बदलणं म्हणजे नवं बसवून बटणं दाबत सुटणं नव्हे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हो, पण मुहूर्त कधीचा काढू?" मुहूर्त! वधू-वर सूचक मंडळ चालवून चालवून बाईंना आता सर्व्हरचीही पत्रिका दिसायला लागलीय.

इथे लिहितो. कागद निदान मधे तोंड घालत नाही. मंडळाच्या प्रत्येक शाखेत एक मशीन — कामोठ्याला एक, कळंबोलीला एक. प्रत्येकाला स्वतःचा कायमचा नंबर. शाखेतली नोंद आपोआप पनवेलच्या मुख्य मशीनवर येते. ते मशीन माणसं ओळखत नाही, गावं ओळखत नाही, फक्त नंबर ओळखतं. कुठल्या नंबरकडून कितव्या नोंदीपर्यंत वाचलं, एवढंच लक्षात ठेवतं. व्हर्जन बदलताना नंबर बदलला तर त्याच्या लेखी ती शाखा परकी — सगळं पहिल्यापासून! मग ज्यांची पोरं शाळेत जातात त्यांना पुन्हा स्थळं सांगून येणार. म्हणून नंबर तोच राहिला पाहिजे. मॅडमना नंबर दाखवला. छत्तीस अक्षरांचा असतो. लगेच — "अगंबाई, छत्तीस गुण!"

गाढवापुढे वाचली गीता.

३ फेब्रुवारी

आभाला बघायला केळुसकर आले होते. कळंबोलीच्या लोखंड बाजारात गाळा, स्वतःची गाडी, मुलगा एकुलता एक. मंडळातूनच आलेलं स्थळ. मंडळाला मी हसतो ते वेगळं, पण तिथे काम करून बहिणीचं नावही घालू नये एवढा मी खुळा नाही.

मुलाची आई म्हणाली, "लग्नानंतर क्लासबिस नको हं, आमच्याकडे गरज नाही." मी म्हटलं, प्रश्नच नाही. आभाने माझ्याकडे बघितलं. ते गेल्यावर म्हणते, "दादा, जरा थांबूया का?" कशासाठी? कामोठ्यात एका खोलीत पोरांना गुणाकार शिकवते, त्याचा केवढा तोरा! म्हणे सहा वर्षं उभा केलाय. क्लास उभा केलाय, धरण नाही! आईने निक्षून सांगितलं — असं स्थळ पुन्हा यायचं नाही. बाबा असते तर त्यांनीही हेच केलं असतं. मी होकार कळवून टाकला.

७ फेब्रुवारी, रविवार

झालं! पनवेल, कामोठे, कळंबोली — तिन्ही मशीन नव्या व्हर्जनवर, आणि एकाचाही नंबर हलला नाही. नंबराची फाईल आधी बाजूला काढली, व्हर्जन चढवलं, फाईल जागच्या जागी. लाल दिवा कुठेही नाही. मुंबईच्या त्या कंपनीने याच कामाचे दोन दिवस सांगितले होते. उंटावरचे शहाणे!

शिवाय करंजाड्याची नवी शाखाही उभी करून टाकली. तिथे पहिल्यापासून सगळं बसवत कोण बसणार? कामोठ्याची अख्खी डिस्क कॉपी केली, आतली स्थळं पुसली, शाखेचं नाव बदललं. चहा थंड व्हायच्या आत काम फत्ते. मॅडमनी नारळ फोडलाच. मशीनवर पाणी उडालं.

९ फेब्रुवारी

आभा क्लासवरून उशिरा आली. विचारलं तर "कामोठ्यातच होते." चेहरा मात्र बराच उजळला होता. आली वाटतं ताळ्यावर!

१० फेब्रुवारी

कामोठ्याच्या भामाताईंचा फोन. शाखा त्या सांभाळतात. आधी गावात मासळी विकायच्या, आता लग्नं जमवतात. सूर तोच.

"सायेब, आमची नोंद पनवेलला पोचली का?"

म्हटलं, पोचते, दिवा हिरवा आहे. तर म्हणे, "एका मुलीनं नाव मागं घेतलंय, तेवढं मॅडमना दिसाय पायजे. लवकर." मग मॅडमना फोन करा ना! "केला. त्या म्हनाल्या, कॉम्प्युटरचं निनादला सांगा." मग नाव सांगा मुलीचं, मी बघतो. तर म्हणे, "नाव फोनवर घेत नाय आमी. नियम हाय. तुमाला तर नायच सांगता येनार."

मला नाही सांगता येणार! सगळा डेटाबेस माझ्या हातात, आणि ही बाई माझ्यापासून लपवते.

तो नियम म्हणजे मंडळाचा सगळ्यात मोठा विनोद. नकार कधी तोंडाने द्यायचा नाही. ज्याला नको असेल त्याने शाखेत येऊन नोंद करायची. मग मॅडम दोन्हीकडच्या घरी गोड आवाजात फोन करणार — "पत्रिका जुळत नाही हो." कोणी नको म्हटलं, का म्हटलं, कोणालाच कळत नाही. सगळ्यांची अब्रू शाबूत आणि दोष बिचाऱ्या शनीला! इतकं भित्रं खोटं मी आयुष्यात ऐकलं नाही. नको असेल तर समोर उभं राहून सांगायला काय जातं?

१२ फेब्रुवारी

"दादा, मंडळातून काही कळलं का?" आज दुसऱ्यांदा विचारलं आभाने. म्हटलं, तारीख कळली — एकवीसला साखरपुडा. "तेवढंच? दुसरं काही नाही?" आता दुसरं काय हवंय, वरातीचा घोडा? आधी थांबूया थांबूया, आणि आता घाई झालीय बाईसाहेबांना!

१५ फेब्रुवारी

पुन्हा भामाताई. "सायेब, नाय पोचलं." मी पनवेलच्या मशीनवर डोळ्यांनी बघितलं. कामोठ्याच्या नंबरकडून नोंदी येतायत, रोज येतायत, उलट पूर्वीपेक्षा जास्त! तसं सांगितलं. तर म्हणे, "मग त्या आमच्या नसतील." नाचता येईना अंगण वाकडं! मी म्हटलं, ताई, तुम्ही मासळी मोजा, नोंदी मशीनला मोजू द्या. त्यांनी फोन ठेवून दिला.

जरा लागलं असेल. लागू दे.

२१ फेब्रुवारी, रविवार

साखरपुडा पार पडला. केळुसकरांनी माणसं आणली वारेमाप आणि पेढे आणले मोजून. व्यापारी शेवटी! आईला मात्र बाबा गेल्यापासून इतकी खूष बघितली नव्हती. त्यासाठी हे सगळं माफ.

आभाचं तोंड बघवत नव्हतं. अंगठी घालायला हात पुढे कर म्हटलं तेव्हा केला. आधी तिने सुनीता मॅडमना कोपऱ्यात गाठून काहीतरी विचारलं. मला शेवटचं ऐकू आलं — "तुमच्याकडे काहीच आलं नाही?" मॅडम म्हणाल्या, "काय यायचं होतं गं?" मला म्हणायचं होतं, जरा हस, फोटो काढतायत. म्हटलंही.

२४ फेब्रुवारी

करंजाड्याला प्रिंटर चालत नाही म्हणून गेलो. वायर लावलेलीच नव्हती! असल्या लोकांत आयुष्य चाललंय. सहज मशीनचा नंबर बघितला.

कामोठ्याचा.

छत्तीसच्या छत्तीस अक्षरं तीच. अख्खी डिस्क कॉपी केली तेव्हा नंबरही आला. नंबर बदलू नये म्हणून एवढा जपला, आणि इथे बदलायला हवा होता तोच विसरलो! करंजाड्याला नव्या बिल्डिंगा, मोफत नोंदणी, दारात रांग — त्या सगळ्या नोंदी कामोठ्याच्या नंबरावर पनवेलला जमा. नोंदींचा आकडा पुढे पळाला. मग खऱ्या कामोठ्याकडून काही आलं की पनवेल म्हणतं, हे तर मी आधीच वाचलंय. आणि टाकून देतं. तक्रार नाही, लाल दिवा नाही. सात तारखेपासून भामाताईंची एकही नोंद पोचलेली नाही.

दोष कोणावर ढकलावा याचा बराच वेळ विचार केला. डिस्क मीच लावली होती. दुसरं कोणी तिथे नव्हतंच.

करंजाड्याला नवा नंबर दिला. कामोठ्याच्या टाकून दिलेल्या नोंदी उद्या सकाळी परत मागवतो. भामाताईंना फोन करायला हवा. उद्या करीन.

२५ फेब्रुवारी

नोंदी आल्या. ९ फेब्रुवारीची, कामोठे शाखा, भामाताईंनी घातलेली:

"आभा — केळुसकर. मुलीने स्वतः येऊन नाव मागे घेतले. कारण: क्लास सोडायचा नाही. घरी भावाला सांगायची हिंमत नाही. दोन्हीकडे 'पत्रिका जुळत नाही' असे कळवावे."

आभा क्लासला निघाली होती. दारात थांबवून विचारलं, पुढच्या वर्षी किती मुलं घेणार आहेस? ती चपला काढून खाली बसली.

केळुसकरांना मीच फोन लावला. म्हटलं, पत्रिका जुळत नाही हो.