डोकं बसलं की कळवा

४ तारीख, सोमवार

किळस आली आज. सकाळी सकाळी, तोंडात चहाचा घोट असताना.

विहीणबाईंचा फोन. ‘बसलं का हो डोकं?’ – नमस्कार नाही, सून कशी आहे ते नाही. गळका नळ दुरुस्त झाला का, असं विचारावं तसं. नाही म्हणालो. ‘मग हलवा की तिला जरा! बसून बसून कसं खाली येणार?’ मागून जावयाचा आवाज – ‘माल कधी उतरतोय विचार सासरेबुवांना!’ आणि हसणं. फोन ठेवून मी कान धुतला. खरंच धुतला, साबण लावून.

ठरलेलं असं आहे. लेक सातव्या महिन्यापासून माझ्याकडे आहे. बाळंतपण मात्र त्यांच्या गावी, त्यांच्या ओळखीच्या मोठ्या दवाखान्यात. मी इथल्या दवाखान्याच्या धुलाईघरात मुकादम. ‘तुमच्या त्या चादरी धुण्याच्या दवाखान्यात आमचं नातवंड नको,’ असं तोंडावर म्हणाल्या होत्या. लवकर नेऊन तिची उठबस कोण करणार, हेही त्यांचंच. म्हणून डोकं बसलं की कळवायचं. मग ते गाडी घेऊन येणार आणि तिला नेणार.

मी शब्द दिला आहे. डोकं बसलं त्याच दिवशी मी स्वतः फोन करीन. मी खोटं बोलत नाही हे त्यांना ठाऊक आहे. माझा तेवढा एकच गुण त्यांना आवडतो.

लेकीची आई असती तर हे फोन तिनं घेतले असते.

५ तारीख, मंगळवार

लेकीला तपासायला नेलं. आपल्याच दवाखान्यात, कामाच्या मधल्या सुट्टीत. ती पडद्याआड गेली, मी बाहेर. बापानं आत कसं जायचं? भिंतीवरच्या ओलीच्या डागाकडे बघत उभा राहिलो. बाहेर येऊन म्हणाली, ‘अजून वर आहे, बाबा.’

वर म्हणजे कुठे? खाली म्हणजे कुठे? महिनाभर हेच ऐकतोय आणि मला काडीचं कळत नाही! गावच्या शाळेत शरीराच्या पुस्तकातला तो धडा गुरुजींनी वगळला होता. ‘घरी वाचा,’ म्हणाले. घरी तर पानं चिकटवलेली निघाली. ते चाळीस वर्षांपूर्वीचं अडाणीपण आज डॉक्टरीणबाईंसमोर घेऊन गेलो. लाज वाटली, पण विचारलं.

त्या हसल्या नाहीत. एका हाताच्या बोटांचं कडं केलं, दुसऱ्या हाताची मूठ. ‘हे कमरेच्या हाडांचं कडं. ही मूठ म्हणजे डोकं. बाळ उलटं झालं, डोकं खालच्या बाजूला आलं, एवढ्यानं ते बसलं असं नाही. डोक्याचा सगळ्यात रुंद भाग कड्यातून आत उतरला, तर बसलं.’ मूठ आत गेली. बाहेर पोटावर बोटांनी चाचपतात. डोक्याचे पाच भाग धरायचे. त्यातले वर दोन किंवा त्याहून कमी हाताला लागले, की बसलं समजायचं.

‘उशीर झालाय का?’

‘उशीर कसला? पहिलटकरणीचं बहुतेकदा शेवटच्या काही आठवड्यांत बसतं. काहींचं कळा सुरू झाल्यावरच. आणि बसलं म्हणजे उद्याच बाळंतपण, असंही नसतं.’

मग म्हणाल्या, ‘एक मात्र लक्षात ठेवा. डोकं वर असताना पाणी गेलं, तर चालवत आणू नका. आडवी करा आणि लगेच गाडीतून आणा. नाळ आधी घसरली तर बाळाला धोका असतो. आणि डोकं बसलं की घरच्यांनाही कळतं हो. छातीवरचा भार उतरतो, श्वास मोकळा होतो, जेवण जातं. पण बाथरूमच्या फेऱ्या वाढतात.’

केवढं साधं आहे हे! आणि याच गोष्टीवरून माणसं इतकं ओंगळ बोलतात.

७ तारीख, गुरुवार

ताई आली. माझी थोरली बहीण. आल्या आल्या पिशवी खाली ठेवायच्या आधी लेकीच्या पोटाकडे बघून, ‘अगं बाई, हे तर अजून छातीला लागलंय!’

संध्याकाळी कामावरून आलो तर लेक उकिडवी बसून फरशी पुसते आहे. तोंड लाल. ताई खुर्चीवर, बोट दाखवत – तो कोपरा राहिला.

‘आत्या, बाळाचं डोकं खाली आणायचंय की माझं काढायचंय?’

‘चेष्टा नको. तुझ्या सासूचा मला फोन होता. पोरीला लाडावून ठेवलंय म्हणाली.’

म्हणजे आता ताईलाही फोन! मी लेकीच्या हातातलं फडकं घेतलं आणि उरलेली फरशी स्वतः पुसली. ताई म्हणाली, ‘तुझंही डोकं बसायचंय का?’ लेक इतकी हसली की तिला भिंतीला धरावं लागलं. मीही हसलो. पण बादलीतलं ते काळं पाणी ओतताना पुन्हा तीच किळस. त्या घरानं तिकडून बसल्या जागी माझ्या घरात हात घातला आहे.

८ तारीख, शुक्रवार

‘बसलं का?’ – ‘नाही.’ – ‘कमाल आहे!’ एवढाच फोन.

९ तारीख, शनिवार

प्रसूती विभागाच्या चादरींचा ढीग आज मोठा होता. नवा गडी नाक दाबून उभा. त्याला म्हटलं, नाक सोड. हे आपण सगळे जिथून आलो तिथलं आहे. मला या रक्ताची घाण कधीच वाटली नाही. थंड पाण्यात भिजवलं की जातं. माणसाच्या तोंडातून जे येतं त्याला कुठला सोडा लावायचा?

११ तारीख, सोमवार

आज जे पाहिलं ते लिहावं की नाही, कळत नाही. लिहितो.

जावयानं लेकीला व्हिडिओवर फोन केला. मी खिडकीशी बूट पुसत होतो. ‘उभी राहा,’ म्हणाला. राहिली. ‘बाजूनं दाखव. गाऊन घट्ट धर, दिसत नाही नीट.’ तिनं धरला. मग कुणीतरी तिसराच – ‘अरे, वरच आहे अजून! हरलास!’ आणि दोघातिघांचा हशा. मित्र बसले होते समोर! पैज लावली होती – माझ्या लेकीच्या पोटावर!

लेकीनं फोन उपडा ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. ‘नेटवर्क गेलं,’ म्हणाली. नव्हतं गेलं. आवाज येत होता.

मला त्या माणसाचा हात धरून, ‘आता ही तुमची,’ म्हणाल्याचं आठवलं. बाहेर जाऊन थुंकलो. तरी बोललो काय? काही नाही. नवरा-बायकोमधलं आहे, आपण काय बोलणार, असं म्हणून गप्प बसलो. बूट मात्र पुन्हा पुन्हा पुसत राहिलो.

१२ तारीख, मंगळवार

तपासणी. मी पडद्याबाहेर. लेक लवकर बाहेर आली, डॉक्टरीणबाई दुसरीकडे वळलेल्या. ‘वरच आहे, बाबा. चला.’

विहीणबाईंना कळवलं. म्हणाल्या, ‘आमच्या सगळ्यांची वेळेवर बसली हो.’ सगळ्यांची! जणू घराण्याचा पराक्रम.

१४ तारीख, गुरुवार

लेक आज पोटभर जेवली. गेले कित्येक दिवस चार घास खाऊन ताट सरकवत होती. आज पुन्हा वाढून घेतलं. ताई खूश – ‘माझ्या हातची चव!’

रात्री बसून झोपायची, छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं म्हणायची. परवापासून आडवी, कुशीवर, शांत. आणि दर थोड्या वेळानं बाथरूम. चालताना पाय फाकवून, एक हात कमरेखाली.

दुपारी कपडे पिळायच्या यंत्रापुढे उभा होतो. पिंप गरगरत होतं आणि माझ्या डोळ्यांपुढे ती मूठ, ते कडं. श्वास मोकळा. जेवण जातं. फेऱ्या वाढतात.

मूठ आत गेली आहे.

१५ तारीख, शुक्रवार

विचारलं नाही. विचारलं आणि तिनं खरं सांगितलं, तर मला फोन करावा लागेल.

१७ तारीख, रविवार

विचारलं.

ती अंगणात कपडे वाळत घालत होती. मी चिमटे पुढे करत होतो. म्हणालो, ‘बसलंय ना?’

तिनं टॉवेल झटकला. दोनदा झटकला. ‘मागच्या मंगळवारी बसलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मी तुम्हाला खोटं सांगितलं.’

मला राग यायला हवा होता. माझ्या तोंडून पाच दिवस खोटं जात होतं, आणि मी ते खरं समजून छाती पुढे काढून सांगत होतो! पण तिनं तोच टॉवेल तिसऱ्यांदा झटकायला घेतला. ‘का?’ एवढंच म्हणालो.

‘बसलं म्हटलं की गाडी येणार, बाबा.’

‘तिथे मोठा दवाखाना आहे...’

‘तिथे बाथरूमला आतून कडी नाही. त्यानं काढून टाकली. आत किती वेळ बसते, काय करते ते बघायला येतो. त्याची आई आली तरी तो दारात उभाच असतो. ती हसते.’ मग खालच्या आवाजात, ‘मला या दिवसांत सारखं जावं लागतं. मी तिथे पाणीच प्यायची नाही. सहाव्या महिन्यात चक्कर येऊन पडले ते त्यामुळे. तुम्हाला जिन्यावरून घसरले म्हणून सांगितलं.’

स्वयंपाकघरात ताईच्या भांड्यांचा आवाज कधीचा थांबला होता.

मी उरलेले चिमटे दोरीला लावत गेलो. एकही कपडा नसलेल्या दोरीला! लेक म्हणाली, ‘बाबा, बास.’

१८ तारीख, सोमवार

सकाळची प्रार्थना होईना. तोंडानं शब्द, मनात ते दार.

देवा, खोटं बोलू नये हे तुझंच ना? मग मी बोलत नाही म्हणून ज्यांचं फावतं, ते कोणाचे? खरं बोललो तर गाडी येते. गप्प राहिलो तरी उद्या फोन येतोच. नुसतं ‘तिला पाठवत नाही’ म्हणालो, तर आज संध्याकाळी चौघं घेऊन दारात उभा राहील तो. आणि लेक अशा अवस्थेत. मी एक धुलाईवाला आणि एक म्हातारी बहीण.

आज फोन आला तेव्हा उचललाच नाही. शब्दही मोडला नाही, खोटंही बोललो नाही. इतका गुळगुळीत भ्याडपणा! त्यांच्याहून आज मला माझीच जास्त किळस आली.

 आज ताईनं फरशी स्वतः पुसली.

२० तारीख, बुधवार

पहाटे कळा सुरू झाल्या. लेकीला आपल्याच दवाखान्यात आणलं. पडद्याबाहेर नाही, या वेळी खोलीच्या दारापर्यंत तिचा हात धरून गेलो.

नऊच्या सुमाराला आतून बाळाचं रडणं आलं. आणि त्याच वेळी खिशातला फोन वाजला.

‘काय हो, बसलं का डोकं?’

‘नाही,’ म्हणालो. ‘अजून वरच आहे.’

शेजारी बाकावर बसलेल्या ताईनं माझ्याकडे पाहिलं. मग उठली, आणि रडणं फोनमध्ये जाऊ नये म्हणून खोलीचं दार हळूच ओढून घेतलं.