कचऱ्यात टाकलेला शनी

आई,

क्षिप्राच्या सूर्यमालेतला शनी तुम्ही कचऱ्यात टाकलात, तो मी काढून, पुसून परत टांगलाय. त्याला आता हात लावायचा नाही.

काल शाळेच्या प्रदर्शनात बाईंनी तिला विचारलं, शनी कुठाय? तुम्ही शिकवलंत तसंच तिने सगळ्या पालकांसमोर सांगितलं, "आजीने फेकला. त्याच्यामुळे बाबांची नोकरी गेली."

इतके महिने आम्ही कोणाला कळू दिलं नव्हतं. आता अख्ख्या कोपर गावाला कळलंय. मुकुल कालपासून खोलीबाहेर आलेला नाही. त्याला जेवायला वाढा, पण एक शब्द बोलू नका.

आणि शनी इथून शंभर कोटी किलोमीटरच्याही पलीकडे आहे. एवढ्या लांबून तो कशाला येतोय? घरात तुम्ही आहात ना.

आसावरी